गांधील आत्या

खोली दाखवण्याआधी त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कदी गांधील चावली हाय?"

मी वर्षाकडे पाहिलं. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि पनवेलात खोली शोधून आम्ही दमलो होतो. एका घरमालकानं माझा पगार विचारला होता, दुसऱ्यानं आमच्या घरात मासे शिजतात का ते. गांधीलमाशीचं कुणी काढलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "दोघांनाही कधीच नाही."

यातलं अर्धं खोटं होतं. वर्षाला लहानपणी आजोळी गांधीलमाशी चावली होती आणि तिच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. लग्न ठरल्यावर बोलता बोलता तिनंच मला ते सांगितलं होतं. पण समोरची म्हातारी काही वेगळीच दिसत होती. भलतं उत्तर दिलं तर खोली हातची जाईल असं मला वाटलं. वर्षानं तांब्या उचलला. मालकिणीनं मान हलवली, कमरेची किल्ली काढली आणि आम्हाला दुसऱ्या मजल्यावर नेलं.

गाव पनवेलच्या खाडीच्या बाजूचं. पूर्वी मिठागरं आणि भातशेती, आता दाटीवाटीनं उभ्या तीन-तीन मजल्यांच्या इमारती. त्यांतली एक या बाईंची. सगळे भाडेकरू त्यांना आत्या म्हणत. गावात मात्र त्यांना गांधील आत्या हेच नाव होतं आणि ते त्यांच्या तोंडावरही घेतलं जाई. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून होतो, आजही आहे. सकाळी सातला मी निघायचो तेव्हा आत्यांची फेरी चाललेली असायची. मासेमारीच्या एका लांब बांबूच्या टोकाला त्यांनी दाढीचा आरसा तिरका बांधला होता. तो प्रत्येक छज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली, एसीच्या डब्यामागे धरून त्या खालून बघायच्या. मान मागे टाकलेली, चष्मा कपाळावर सरकलेला, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं. पोळं दिसलं की त्याखालच्या भिंतीवर बोटानं ठिपका द्यायच्या. काढायचं असेल तर गेरूचा, राहू द्यायचं असेल तर चुन्याचा.

राहू द्यायची पोळीही बरीच असत याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं. परसातल्या पेरूवर एक होतं, कुंपणाच्या कोपऱ्यात एक. "तितं कोन जात नाय," त्या म्हणायच्या. "त्यांचा त्यांच्याकडं. माज्या वांग्यावरच्या अल्या त्याच नेतात." जिथं माणसांची वाट आहे, जिथं कपडे वाळतात, जिथं मूल हात लावू शकतं, तिथलं मात्र काढायचं. तेही लवकर. होळीच्या सुमाराला पोळं रुपयाएवढं असतं आणि त्यावर एकच माशी असते. ती उडून गेली की आत्या काठीनं ते पाडत, देठ खरवडत आणि त्या जागी खोबरेल चोपडत. मोठं झालेलं पोळं मात्र त्यांनी स्वतः कधी काढलं नाही. त्यासाठी उरणजवळच्या मोऱ्याहून एक माणूस यायचा, जाड अंगरखा आणि तोंडावर जाळी घालून, दिवस मावळताना, सगळ्या माश्या घरी परतल्यावर. पेटता बोळा, रॉकेल, पाण्याचा पाइप यांतलं काहीही कुणी पोळ्याजवळ आणलेलं त्यांना खपत नसे. भिंतीच्या भोकात माश्या शिरताना दिसल्या म्हणून एकदा एका भाडेकरूनं ते भोक सिमेंटनं बुजवायला घेतलं, तर आत्यांनी त्याच्या हातातली थापी काढून घेतली. "आतली मानसं कुटं जातील? तुज्या घरात निगतील."

माश्यांना त्या माणसं म्हणायच्या.

नव्या भाडेकरूला त्या चालायला शिकवत. हो, चालायला. अंगणात उभं करायच्या आणि सांगायच्या, "आता समज माशी आली. चल." मी हात झटकला की हातावर चापटी. "हात खाली. पलायचा नाय, नाचायचा नाय. तोंड झाक आन सरल घरात जा." पदवी घेतलेल्या मी अंगणात तीनदा ओट्यापासून जिन्यापर्यंत चालून दाखवलं. वरच्या मजल्यावरून बायका बघत होत्या. मला राग आला होता.

तळमजल्यावरची एक खोली रफिकभाईंना दिलेली होती. ते रिक्षा चालवत. त्यांना एकच अट होती. घरी असतील तेव्हा रिक्षा फाटकात, तोंड रस्त्याकडे करून उभी पाहिजे आणि तिच्यासमोर दुसरी कुठली गाडी नको. कुणी मोटरसायकल आडवी लावली की आत्या ती स्वतः ढकलत बाजूला न्यायच्या. साठीच्या पुढची बाई मोटरसायकल ढकलतेय हे बघून लोक हसायचे. रफिकभाई हसत नसत. "बुजुर्ग आहेत," ते एवढंच म्हणायचे. "काही तरी पाहिलंय त्यांनी."

एका हळदीची गोष्ट गावात अजून निघते. आत्यांच्या सख्ख्या पुतण्याची हळद होती. मांडव आंब्याखाली घातला होता, साऊंडचे मोठे डबे लागले होते, पाहुणे यायला सुरुवात झाली होती. आत्यांनी वर पाहिलं आणि सांगितलं, मांडव सरकवा. आंब्याच्या फांदीला टोपलीएवढं पोळं होतं. पुतण्याचा बाप, म्हणजे त्यांचा दीर, म्हणाला, "वयनी, इतकी वर्सा हाय त्या. काय करत नाय."

"इतकी वर्सा तिच्याखाली साऊंड नव्हता," आत्या म्हणाल्या.

कुणी ऐकेना. तेव्हा त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची घेतली, मांडवाच्या मधोमध, बरोब्बर पोळ्याखाली टाकली आणि तिथं बसल्या. साऊंडवाल्याला म्हणाल्या, "लाव. पयली मला चावंल." तासभर त्या हलल्या नाहीत. नवरदेवाची आई रडली, दीर ओरडला. शेवटी मांडव चाळीस पावलं पलीकडे गेला. हळद झाली, काहीही वाईट झालं नाही, आणि म्हणूनच पुढे कित्येक महिने त्या घरातले लोक आत्यांशी बोलले नाहीत. मी तेव्हा त्या घरातल्यांच्याच बाजूचा होतो. म्हातारीनं उगाच समारंभ नासवला असं मीही म्हणालो होतो.

आमच्या छज्ज्याखालचं पोळं वाढलं ते माझ्यामुळे. पावसाची झड आत येते म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक पत्रा ठोकला होता. आत्या नको म्हणाल्या होत्या. पत्र्याच्या मागे आरसा पोचत नाही, हे त्यांचं कारण. मी तो त्या लेकीकडे गेल्या असताना ठोकला. पाऊस संपला, दिवाळीची साफसफाई निघाली, आणि वर्षानं खिडकीतून माश्यांची ये-जा पाहिली.

"आत्यांना सांगू या," ती म्हणाली.

"दिवाळी झाल्यावर सांगू."

"तुला पत्र्याबद्दल बोलणी खायची नाहीत म्हणून ना?"

त्या रविवारी मी बाजारातून फवाऱ्याचा डबा आणला. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला आणि भर दुपारी, बाराच्या उन्हात, खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्याच्या मागे फवारलं. पत्रा हलला. आतून आलेला आवाज मला अजून ऐकू येतो. एखादं यंत्र सुरू व्हावं तसा. मी हात आत घेतला आणि खिडकी लावून टाकली. दोन माश्या मनगटावर चावल्या होत्या. बाकीच्या बाहेर राहिल्या. खाली अंगणात वर्षा चादरी वाळत घालत होती, हे खिडकी लावल्यावर मला आठवलं.

मी खाली पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. मानेवर, कानामागे आणि दंडावर चावल्या होत्या. रडत नव्हती. नुसती तळहात एकमेकांवर घासत होती. "हात खाजतायत रे," ती म्हणाली. "तळव्यांना तर चावलं नाही काही."

मला एकच सुचलं. मी ओरडलो, "कुणाकडे चुना आहे का? चुना!" शेजारची बाई कांदा कापून घेऊन आली. कुणी म्हणालं, लोखंड घासा.

आत्या आतून आल्या. वर्षाची हनुवटी धरून त्यांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. ओठ जाड झाले होते, डोळ्यांखाली सूज होती.

"तुजा नाव काय?" त्यांनी तिचा आवाज ऐकायला विचारलं.

वर्षानं नाव सांगितलं. आवाज तिचा नव्हता, घोगरा होता.

"चुना नाय," आत्या म्हणाल्या. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला केलं. "रफिक! रिक्षा!"

रफिकभाई जेवत होते. ते उष्ट्या हातानं बाहेर आले. रिक्षा वळवावी लागली नाही. वर्षा चक्कर येते म्हणाली तेव्हा आत्यांनी तिला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि मला पुढे रफिकभाईंच्या शेजारी कोंबलं. वाटभर त्या एकच वाक्य बोलत होत्या. "श्वास घे बाय. माज्याकडं बग. श्वास घे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं यांना? चावल्यावर अंगभर उठणं वगैरे?"

"नाय," आत्या ठामपणे म्हणाल्या. "मी इचारला व्हता. कदी नाय."

त्या माझ्या शब्दावर बोलत होत्या. मला खाली बघायलाही वेळ नव्हता.

"झालं होतं," मी म्हणालो. "लहानपणी."

आत्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी तोवर वर्षाच्या मांडीत इंजेक्शन दिलं होतं. नळी लावली, ऑक्सिजन लावला, आम्हाला बाहेर काढलं. थोड्या वेळानं परिचारिका सांगायला आली की श्वास नीट चाललाय, रक्तदाब वर आलाय, पण उद्यापर्यंत नजरेखाली ठेवू, कारण पुन्हा उलटू शकतं. नुसती सूज आणि आग असती तर धुऊन बर्फ लावून चाललं असतं, ती म्हणाली. आवाज बदलला, ओठ सुजले, चक्कर आली, की घरी थांबायचंच नाही. तुम्ही वेळेत आलात.

बाकावर आम्ही दोघं बसलो. आत्या म्हणाल्या, "खोटा का बोललास?"

"खोली मिळणार नाही असं वाटलं."

"खोली दिली असती," त्या म्हणाल्या. "खालची दिली असती. माज्या बाजूची."

याच्यापेक्षा त्यांनी मला चार माणसांत थोबाडीत मारली असती तर मला सोपं गेलं असतं. इतकी वर्षं लोक त्यांच्या प्रश्नाला हसत आले. तो प्रश्न कुणाला नाकारण्यासाठी नव्हताच. कुणाला कुठं ठेवायचं ते ठरवायला होता.

मग त्यांनी हौसाची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. हौसा त्यांची धाकटी बहीण, आठ वर्षांची. आत्या अकराच्या. त्यांच्या वडलांचं मिठागर होतं आणि तिथल्या झोपडीच्या वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं होतं. आदल्या वर्षी हौसाला एकदा चावली होती तेव्हा तिचं अंग गांधींनी भरलं होतं. चार दिवसांत उतरलं, म्हणून सगळे विसरले. त्या दिवशी आईबाप मीठ ओढत होते, पोरी झोपडीशी खेळत होत्या, आणि पोळ्यावर दगड पडला.

"मला जास्ती चावल्या," आत्या म्हणाल्या. "तिला दोनच. ती बोलली, ताय, माजे हात खाजतान. आमी हासलो. आयनं चुना शोदला. चुना मिलाला नाय, तर बाप गावात गेला चुना आनायला. मंग भगताला बोलवला. तो येयीपरत ती निजली. आमाला वाटला, बरा वाटला तिला."

समोरून स्ट्रेचर गेलं. ते जाईपर्यंत त्या थांबल्या.

"तवा सुई मिलाली असती का नाय, मला म्हायती नाय. पन आमी निगालोच नाय. चुना शोदत बसलो."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "दगड कुणी मारला होता?"

"मीच," त्या म्हणाल्या. "बगायला. काय व्हतंय ते."

तिसऱ्या दिवशी वर्षा घरी आली ती दुसऱ्या मजल्यावर गेलीच नाही. आत्यांनी शेजारच्या खोलीतलं धान्य, पिंप, जुनी खाट सगळं हलवून ती आमच्यासाठी रिकामी केली होती. वरच्या खिडकीचं पोळं मोऱ्याच्या माणसानं संध्याकाळी उतरवलं. आत्यांनी त्या रिकाम्या पोळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. राखाडी कागदासारखा होता तो, काहीच वजन नव्हतं. मी सकाळी फेरीला आरशाची काठी धरायला येऊ का असं विचारलं तर म्हणाल्या, "नको." हे "नको" चार-पाच महिने चाललं. माझं खोटं मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. रफिकभाईंनाही नाही.

डॉक्टरीणबाईंनी वर्षाला एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलं आणि ते मांडीत कसं द्यायचं ते मला शिकवलं. आत्या म्हणाल्या, मलाही शिकायचंय. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईनं आठ दिवस रोज दुपारी एका लाल भोपळ्यात पाण्याची सुई टोचून सराव केला. नंतर त्या भोपळ्याची भाजी केली आणि आम्हाला वाढली. पुढच्या शिमग्याला, एका सकाळी मी कामावर निघालो असताना, त्यांनी न बोलता आरशाची काठी माझ्या हातात दिली आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या. मी प्रत्येक छज्ज्याखाली आरसा धरला. त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला.

सात वर्षं आम्ही त्या खालच्या खोलीत राहिलो. आमची मुलगी तिथंच झाली. मग आत्यांच्या मुलानं ती इमारत बिल्डरला दिली. सगळं गावच देत होतं. आम्ही कळंबोलीत गेलो, रफिकभाई पनवेल स्टेशनच्या पलीकडे, आणि आत्या मुलाकडे खारघरला, अठराव्या मजल्यावर. मी फोन करायचो. "बरी हाय," म्हणायच्या. "पन हितं काय येत नाय रं. वारा येतो नुसता." मुलगा चांगला होता, सून मायेनं करायची. नातवाला खेळवायचं, टीव्ही बघायचा, खायचं. त्यांना सकाळी सात वाजता करायला काही उरलं नव्हतं.

एका मार्चमध्ये त्यांचाच फोन आला. आवाज पूर्वीसारखा होता. "ये. वर्षाला पन आन, पन तिला हालमदी बसव. काचंच्या बाहेर नको."

गेलो. गॅलरीच्या छताला, कपडे वाळत घालायच्या दांडीच्या वर, पोळं होतं. लहानसं, देठाला टांगलेलं, आणि त्यावर एकच गांधीलमाशी. खाली आत्यांची खुर्ची होती आणि खुर्चीशेजारी नातवाची तीन चाकी सायकल.

"आई नऊ दिवस इथंच बसून आहे," मुलगा मला हळूच म्हणाला. "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो म्हटलं तर तुमचं नाव घेतलं. तो येऊ दे म्हणाली."

आत्या त्या माशीकडे बघत होत्या. "काल सातवा घर केलान," त्या म्हणाल्या. "अठरा माले चढून आली बग. एकटी." मग त्यांनी मला विचारलं, "काय करू?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. त्यांना काय हवंय ते मला दिसत होतं. मी म्हणालो, "एकच तर आहे. राहू द्या आठ-दहा दिवस. तोवर बाळाला गॅलरीत सोडू नका."

आतून नातवाचं बोबडं बोलणं ऐकू येत होतं. तो काचेवर हात मारत होता, सायकल हवी होती त्याला.

"नको," त्या म्हणाल्या. "आठ दिसांनी तिची पोरा व्हतील. मंग ती राखायला बसंल. आजच काय ते."

माशी उडेपर्यंत आम्ही थांबलो. ती गॅलरीच्या कठड्यावरून बाहेर गेली आणि दिसेनाशी झाली. आत्या उठल्या. मी झाडूची काठी घ्यायला पुढे झालो तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. पोळं एका फटक्यात पडलं. स्टुलावर चढून देठ मी खरवडला, तेल लावलं. वयामुळं त्यांचा हात आता वर पोचत नव्हता. पोळं त्यांनी कागदात गुंडाळून सुनेकडे दिलं, आणि आम्ही काचेच्या आत येऊन बसलो.

पंधरा-वीस मिनिटांनी ती परत आली. तोंडात कसलातरी लगदा होता. थेट त्या जागी गेली, आणि जागा रिकामी. ती छताला टेकली, चालली, उडाली, पुन्हा तिथंच आली. दांडीवर बसली. परत वर. असं कितीतरी वेळ. वर्षानं आत्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

"जा बाय," आत्या काचेतून म्हणाल्या. "उगाच हितं फिरू नको. दुसरीकडं बांद. टाइम हाय तुजा अजून."

दुपारपर्यंत ती येत राहिली. मग आली नाही. आत्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि काचेचं दार पूर्ण उघडलं. नातू धावत सायकलीकडे गेला.

"जेवून जा," त्या आम्हाला म्हणाल्या.